पॅनमधलं सॉसेज-भाजी पाणचट होतंय? या चुका टाळा

सव्वाआठची लोकल पकडून घरी पोचलं की कणीक मळायचं त्राण उरत नाही. मग फ्रीझरमधलं चिकन सॉसेजचं पाकीट, उरल्यासुरल्या भाज्या आणि एकच पॅन. पहिल्यांदा केलं तेव्हा मी सगळं एकदम पॅनमध्ये लोटलं, झाकण ठेवलं आणि आंघोळीला गेले. येऊन बघते तर बटाटा कच्चा, सिमला मिरचीचा लगदा आणि सॉसेज पांढुरक्या पाण्यात पोहतायत. सासूबाईंनी झाकण उचलून विचारलं, "कोण आजारी आहे गं?"

सगळा घोळ पाण्याचा. पॅनमध्ये पाणी आहे तोवर तापमान 100 अंशांवरच अडतं, आणि खमंग तांबूस रंग धरायला साधारण 140 तरी लागतात. म्हणून कान पॅनकडे ठेवा. चर्र आवाज येतोय तोवर परततंय. बुडबुड ऐकू आली की शिजायला लागलं.

सॉसेज गोठलेलं टाकू नका. सकाळी निघतानाच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. ओट्यावर मात्र नको, आपल्याकडच्या उकाड्यात तर नकोच. विसरलात तर बंद पाकीट गार पाण्यात बुडवा. टाकण्याआधी पुसून घ्या. भाज्याही धुऊन पंचावर पसरा. पावसाळ्यात आपोआप वाळतील ही आशा सोडा.

दुसरी चूक गर्दीची. 10 इंची पॅन दोघांपुरता. चौघांचं करायचं तर दोन खेपा, कंटाळा आला तरी.

क्रम असा: तिरके काप केलेलं सॉसेज आधी तांबूस करून बाजूला काढा. त्याच तेलात बटाट्याच्या बारीक फोडी आणि गाजर, झाकून सात-आठ मिनिटं. मग झाकण काढायचं ते काढायचंच. आता कांदा, फरसबी, शेवटी सिमला मिरची. मीठ अगदी शेवटी आणि चाखून, कारण सॉसेज मुळातच खारट असतं, शिवाय मिठाने भाजीला पाणी सुटतं. सॉसेज परत टाकून दोन मिनिटांत गॅस बंद.

पाकीट वाचायचा आळस महागात पडतो. बरीच चिकन सॉसेज आधीच शिजवलेली असतात. ती फक्त गरम आणि खरपूस करायची, रेटून शिजवली तर रबर होतात. कच्ची असतील तर बाजूला काढलेली परत टाकल्यावर झाकून मंद आचेवर पूर्ण शिजवा, आतून 74 अंशांपर्यंत. मोठ्या आचेवर बाहेरून करपतात आणि आत गुलाबी राहतात.

वांद्र्याच्या कोल्ड स्टोरेजमधून गोव्याच्या सॉसेजची माळ आणली असेल तर वरचं बरंचसं विसरा. तिथे पाणीच हवं. दोरा काढून, तेल-मीठ न घालता अर्धी वाटी पाणी घालून शिजवा. पाणी आटून लाल चरबी सुटली की त्यातच कांदा-बटाटा. मिरची, व्हिनेगर त्यात आधीच असतात. सोबत लादी पाव, दुसरं काही नको.

आणि एवढं करून पाणी सुटलंच, तर भाजी झाऱ्याने ताटात काढा, उरलेलं पाणी मोठ्या आचेवर आटवा, चमचाभर तेल घाला आणि भाजी परत टाका. तेवढ्यात ढवळू नका, दोन मिनिटं हात बांधून उभ्या राहा. लोखंडी पॅन असेल तर टोमॅटो टाळा, काळपट पडतो. लिंबू ताटात पिळा.