शाळेतल्या धर्मशिक्षणातून मुलाला सूट हवी असेल तर

अर्ज लिहिण्याआधी शाळा कुणाच्या पैशावर चालते ते बघा. शाळेचा ११ आकडी यू-डायस क्रमांक (प्रत्येक शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) घेऊन यू-डायसच्या संकेतस्थळावर तिचं व्यवस्थापन तपासा: स्थानिक स्वराज्य संस्था, खासगी अनुदानित की विनाअनुदानित.

जिल्हा परिषद किंवा महापालिकेची शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते. राज्यघटनेच्या कलम २८(१) नुसार तिथे धर्मशिक्षण देताच येत नाही, म्हणून तिथे सूट मागू नका, तो तासच बंद करायला सांगा. अनुदानित वा मान्यताप्राप्त खासगी शाळेला कलम २८(३) लागू होतं. ती धर्मशिक्षण देऊ शकते, उपासना घेऊ शकते. पण पालकाच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला त्यात बसवू शकत नाही. अल्पसंख्याक शाळाही याला अपवाद नाही. बहुतेक अर्ज फसतात ते इथेच: अनुदानित शाळेकडे ‘हे बंद करा’ अशी मागणी केली, की शाळा २८(१) लागू नसल्याचं कळवून मोकळी होते.

धर्मांविषयीची माहिती मात्र वेगळी. २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती धर्मशिक्षणात मोडत नाही असं मानलं. इतिहासातल्या वारकरी संतांच्या धड्यातून सूट मिळणार नाही.

आता प्रवेश अर्जाची प्रत काढा. बारीक अक्षरात ‘शाळेच्या सर्व उपक्रमांस संमती’ असं छापलेलं असतं आणि खाली तुमची सही. म्हणून मुख्याध्यापकांच्या नावे अर्जात स्पष्ट लिहा: पाल्याचं नाव, इयत्ता, तुकडी, कोणता तास किंवा कोणती प्रार्थना, ‘कलम २८(३) नुसार माझी संमती नाही, पूर्वी दिली असल्यास मागे घेत आहे’, आणि त्या वेळेत मूल कुठे, कुणाच्या देखरेखीखाली बसेल. हा शेवटचा मुद्दा राहिला तर मूल व्हरांड्यात उभं राहतं, मग तेच घरी येऊन ‘सूट नको’ म्हणतं.

दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. तोंडी होकाराला किंमत नाही.

उत्तर नाही आलं तर पोच जोडून प्राथमिकसाठी गटशिक्षणाधिकारी, माध्यमिकसाठी जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, मुंबईत माध्यमिकसाठी शिक्षण निरीक्षक यांच्याकडे तक्रार करा. शाळेचं वेळापत्रक हवं असेल तर अनुदानित शाळेत माहिती अधिकाराचा अर्ज चालतो: १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस.