बेने इस्रायली ज्येष्ठांच्या जीवनकथा मुलाखतींतून कशा नोंदवाव्यात

संमतिपत्र, रेकॉर्डर आणि शांत खोली यांची सोय झाली आहे असे मी धरून चालतो. बेने इस्रायली म्हणजे कोकणातला मराठी बोलणारा ज्यू समाज; त्यातले बरेच जण पुढे इस्रायलला गेले. तिथल्या दिमोना, बीरशेबा, अश्दोद अशा शहरांत भारतातून आलेल्या पिढीतले जे ज्येष्ठ आजही मराठी बोलतात, त्यांच्याकडे सिनेगॉगमधल्या (ज्यू प्रार्थनास्थळातल्या) ओळखीतून जावे आणि मुलाखत घेणारा शक्यतो त्याच समाजातला असावा.

खरी कठीण पायरी बोलणे सुरू झाल्यावर येते. आजी-आजोबा अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचे जहाज फुटल्याची परंपरागत कथा सांगतात, मग कोकणातल्या शनिवार तेल्यांची, म्हणजे तेल गाळणाऱ्या पण शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या पूर्वजांची, आणि शेवटी इस्रायलच्या ओढीची. ही कथा समाजाची आहे. सांगणाऱ्याचे स्वतःचे आयुष्य तिच्यामागे राहते. तिला मध्येच तोडू नये, पण तिथे थांबूही नये. ‘तुम्ही इथे का आलात?’ हा प्रश्न अनेक मार्गदर्शक पहिला सुचवतात. माझ्या मते तो पहिला कधीच विचारू नये, कारण त्याने पाठ झालेले भाषणच पुन्हा ऐकू येते. त्याऐवजी निघताना घरातली भांडी कोणाला दिली, पहिली रात्र कुठे काढली, पहिल्या कामाचा मुकादम कोणती भाषा बोलत असे, हे विचारावे. वस्तू आणि जागा यांच्यामागून माणसे येतात.

समाजातल्या मुलाखतकाराला माझा विशेष इशारा आहे: मलिद्याचा, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने गोड पोहे आणि फळे ठेवून करायच्या विधीचा, विषय निघाला की ‘हो, माहीत आहे’ म्हणू नये. फक्त हिब्रू येणाऱ्या नातवाला समजेल इतके सविस्तर वर्णन करायला सांगावे, कारण ही नोंद उद्या तोच ऐकणार आहे.

1960च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलच्या ज्यू धर्मपीठाने बेने इस्रायलींच्या विवाहांसाठी वंशाची चौकशी करायला सांगितली, म्हणजे त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली, आणि त्याविरुद्ध 1964 मध्ये समाजाचे आंदोलन झाले. तो अपमान थेट उकरू नये, घरातल्या लग्नांबद्दल विचारावे आणि उत्तर येईपर्यंत, शांतता कितीही लांबली तरी, बोलू नये. रेकॉर्डर बंद करा म्हटले तर बंद करावा, आणि त्यानंतरचे घरी जाऊन आठवणीने लिहून काढू नये. हा विश्वासघात आहे.

सालांचा आग्रह धरू नये. 1967च्या अरब-इस्रायल युद्धाआधी की नंतर, एवढे पुरते.

लेखन करताना मराठीत मिसळलेले हिब्रू शब्द तसेच ठेवावेत. मग मसुदा सांगणाऱ्याला वाचून दाखवावा, तो म्हणेल ते गाळावे आणि पहिली प्रत त्याच्या घरी द्यावी.