चलानाची फाईल उघडण्याआधी फोनमध्ये काय बदलायचं

‘आपल्या वाहनाने सिग्नल मोडला आहे, दंडाची पावती जोडली आहे.’ गाडी सांगलीची एमएच-१० असो की साताऱ्याची एमएच-११, असा मेसेज आला की पहिल्यांदा बघायचं ते फाईलच्या नावाचं शेपूट. पावती पीडीएफ असते. शेवटी ‘एपीके’ असेल तर ती पावती नाही, ते एक अख्खं ॲप आहे. आरटीओ, पोलीस, बँक, महावितरण यांपैकी कोणीही व्हॉट्सॲपवर ॲप पाठवत नाही. पीएम किसानचा हप्ता आणि लग्नपत्रिका हे याच फाईलचे दुसरे वेश. फाईल ओळखीच्या नंबरवरून आली म्हणून विश्वास ठेवू नका. ज्याचा फोन आधी बाधित झाला, त्याच्याच नंबरवरून ती पुढे सगळ्या ग्रुपवर जाते.

हे ॲप बसताना एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं, कारण ओटीपी तिथेच येतो. त्याहून घातक परवानगी ‘ॲक्सेसिबिलिटी’ची. ती दिली की ॲप स्क्रीनवरचं वाचू शकतं आणि तुमच्याऐवजी बटणंही दाबू शकतं.

म्हणून आधी दार बंद करा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग स्पेशल ॲप ॲक्सेस, मग ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ उघडा. तिथे व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल्स, टेलिग्राम या प्रत्येकासमोरचं बटण बंद हवं. कंपनीनुसार मेनू थोडे इकडेतिकडे असतात. सापडत नसेल तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत ‘अननोन’ टाका. नव्या सॅमसंगमध्ये ‘सिक्युरिटी अँड प्रायव्हसी’खाली ऑटो ब्लॉकर आहे, तो चालू केला की अशी ॲप्स बसतच नाहीत. मग प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टिचकी मारून प्ले प्रोटेक्ट (घातक ॲप्स शोधणारी गूगलची तपासणी) उघडा आणि गिअरच्या चिन्हात दोन्ही बटणं चालू असल्याची खात्री करा. फोनवर बोलणारा माणूस ‘प्ले प्रोटेक्ट बंद करा’ म्हणाला, तर तो चोरच आहे असं समजून फोन ठेवा. आई-वडिलांच्या फोनमधलं हे सगळं त्यांना फोनवर सांगत बसू नका, शेजारी बसून स्वतः करून द्या.

आता लिंकचं. वेबचा पत्ता शेवटाकडून वाचायचा. ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिच्या लगेच डावीकडे काय आहे ते पाहा. माणसाचं घराणं आडनावावरून कळतं, तसंच हे. ‘ईचलान डॉट परिवहन डॉट गव्ह डॉट इन’ सरकारी आहे, कारण आडनाव ‘गव्ह डॉट इन’. ‘परिवहन डॉट गव्ह डॉट इन डॉट अमुक डॉट टॉप’ यात सरकारी शब्द सगळे आहेत, पण मालक ‘अमुक डॉट टॉप’ आहे. सातबारा ‘महाभूमी डॉट गव्ह डॉट इन’वर आणि पीएम किसान ‘पीएमकिसान डॉट गव्ह डॉट इन’वर, हेही याच नियमाने तपासता येतं. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला सांगितलं होतं, त्यामुळे बँकेच्या पत्त्यात आता हे आडनाव शोधा. कुलपाच्या चिन्हावर मात्र जाऊ नका. खोट्या साईटलाही ते मिळतं, म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते काढूनच टाकलं.

क्रोममध्ये तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, सेफ ब्राउझिंग, तिथे ‘एनहान्स्ड प्रोटेक्शन’ निवडा. यात तुम्ही उघडलेल्या पत्त्यांची माहिती तपासणीसाठी गूगलकडे जाते. ज्यांना हे पटत नाही त्यांनी ‘स्टँडर्ड’ ठेवावं, पण लिंक पटकन उघडणाऱ्यांसाठी एनहान्स्डच योग्य. ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ अशा सूचना सारख्या येत असतील तर फोनमध्ये व्हायरस असेलच असं नाही. बहुतेक वेळा कुठल्या तरी साईटला ‘अलाऊ’ म्हटलेलं असतं. साईट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्समध्ये जाऊन अनोळखी नावं बंद करा.

मिरज जंक्शन किंवा सातारा स्टँडवरच्या गर्दीसाठी सेटिंग्ज, गूगल, ऑल सर्व्हिसेसमध्ये थेफ्ट प्रोटेक्शन चालू करा. फोन हिसकावून कोणी पळालं की हालचाल ओळखून स्क्रीन लॉक होते. खिशातून अलगद काढला तर ते ओळखत नाही, म्हणून त्याखालची ऑफलाइन लॉक आणि रिमोट लॉक ही बटणंही आजच लावा. फोन गेल्यावर ती लावता येणार नाहीत. आयफोनमध्ये फेस आयडी अँड पासकोडखाली ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ आहे.

आणि फाईल बसलीच तर? पहिलं काम, एअरप्लेन मोड. मग सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाका, बटणाचा साधा फोन सर्वांत बरा (त्याचा खाचा मोठा असेल तर नॅनो सिमला ॲडाप्टर लागतो). आता ओटीपी त्या ॲपला दिसणार नाही. त्याच साध्या फोनवरून ##००२# डायल करा, म्हणजे कोणी कॉल फॉरवर्ड केले असतील तर ते रद्द होतील. बँकेला सांगून खातं आणि यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम कागदावर लिहून समोर ठेवा.

मग बाधित फोनमधलं ॲप काढा. ‘अनइन्स्टॉल’ फिकं दिसत असेल तर त्याने डिव्हाइस ॲडमिनची परवानगी घेतलेली असते. सिक्युरिटीमधल्या ‘डिव्हाइस ॲडमिन ॲप्स’मध्ये ती काढा, मग अनइन्स्टॉल चालेल. आयकॉनच दिसत नसेल तर सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या पूर्ण यादीत शोधा. एवढं करूनही शंका राहिली तर फोटो आणि नंबर सुरक्षित ठेवून फॅक्टरी रिसेट करा, आणि पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून. व्हॉट्सॲप परत सुरू झालं की ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधली अनोळखी नावं काढा आणि ज्या ग्रुपवर ती फाईल गेली असेल तिथे लगेच लिहा: ‘माझ्या नंबरवरून आलेली फाईल उघडू नका.’