जावेची वही

किराण्याच्या उधारीत जावेच्या नावावर दोन किलो गूळ अन् एक रंगपेटी. सही तिचीच, पण अक्षर वेडंवाकडं, लेकराचं असावं तसं. ती शपथा घेत होती, "अक्का, मी दुकानाकडं फिरकलेसुद्धा नाही." घरानं तिला खोटारडी ठरवलं, मीपण.

आमच्या अहमदपूरकडं असं झालं की भानामती नाहीतर बाहेरचं. देवरुषी झाला, वर्ष वाया गेलं. मग लातूरच्या डॉक्टरांनी आधी फिटची तपासणी केली, बऱ्याच भेटी घेतल्या आणि नाव सांगितलं: डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर. 1994 पर्यंत याला बहुव्यक्तिमत्त्व म्हणत. नाव बदललं, कारण एका अंगात चार माणसं राहत नसतात. माणूस एकच, तो सांधलाच गेलेला नसतो.

लहानपणी 'मी' हळूहळू जुळत जातो. त्या वयात पुन्हापुन्हा अत्याचार झाला, तोही बऱ्याचदा ज्यानं सांभाळायचं त्याच्याकडूनच, तर लेकरू पळणार कुठं? मन ते सगळं भिंतीपलीकडं टाकतं. लेकरू त्यानं तगतं, पण भिंत पुढंही उभीच राहते.

म्हणून घरच्यांनी किती 'जणी' आहेत ते मोजत बसू नये, विसर बघावा. न आठवणारी खरेदी, गेलेली दुपार, ओळख न लागणारं माणूस. सिनेमातल्यासारखं किंचाळणं क्वचितच असतं. जत्रेत ठरल्या दिवशी अंगात येतं तो आजार नव्हे. नको असताना येतं, रोजचं जगणं विस्कटतं, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा.

बिडीचा वास आला की आमची जाऊ पळी हातात धरून थिजते. पाठीमागून हात लावायचा नाही. मी समोर, जरा लांब बसते. "मी अक्का. हे आपलं घर. आज सोमवार. तू आता मोठी आहेस." गार पाण्याचा तांब्या हातात देते, दिसतात त्या पाच वस्तू सांगायला लावते. कधी दोन मिनिटं लागतात, कधी भाकरी करपते.

"लहानपणी काय झालं?" हे खोदून विचारू नका. ते उपचार करणाऱ्यांचं काम, तेही आधी झोप आणि सुरक्षितता जमल्यावर. नेमकी याच्यावरची गोळी नाही. उदासी, भीती यांच्यावर देतात. खरा उपचार बोलण्याचा, वर्षानुवर्षांचा. जिवाचं बरंवाईट करायची भाषा आली तर वाट बघू नका, दवाखाना गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा 14416 फुकट आहे, चोवीस तास.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून चुलीशेजारी एक वही टांगली. जे आठवेल, जिला आठवेल, तिनं लिहायचं. दीड महिना वही कोरी. मग एका सकाळी तेच वेडंवाकडं अक्षर: "गूळ मी आणला. रागवू नका."

खाली मी लिहिलं, रंगपेटी वरच्या फळीवर आहे.