हुंकार ऐकू येईना, तेव्हा प्रश्न विचारायला लागले

आमच्या आजीला गोष्ट सांगताना समोरून ‘हूं’ यावं लागायचं. दोन-तीन वाक्यं हुंकाराशिवाय गेली की ती थांबायची. ‘झोपली का व?’ असं एकदा विचारायची, आणि उत्तर आलं नाही तर गोष्ट तिथेच सोडून माझं पांघरूण सारखं करायची. राजपुत्र विहिरीत लटकलेला असला तरी तो सकाळपर्यंत तसाच लटकलेला राहायचा.

पुढे मी शाळांमधून, वाचनालयांमधून, सोसायट्यांच्या गणपतीत गोष्टी सांगायला लागले तेव्हा हा हुंकार मला पोरांच्या डोळ्यांत दिसायचा. चटईवर बसलेलं पोट्टं गुडघ्यावर उठून पुढे सरकलं की समजायचं, गोष्ट पोचली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि हे सगळं एका आठवड्यात थांबलं. माझी वर्षाची निम्मी कमाई एप्रिल-मे मधल्या उन्हाळी शिबिरांवर चालायची. ती सगळी शिबिरं रद्द झाली. नागपूरच्या नंदनवन भागातल्या दोन खोल्यांत बसून मी फोनवर गोष्टी रेकॉर्ड करून ओळखीच्या आईवडिलांना पाठवायला लागले. उत्तरादाखल अंगठे आणि हात जोडलेली चित्रं यायची. गोष्ट कुणी ऐकली, कुठे हसले, कुठे कंटाळले, काही कळेना. आठ दिवसांत माझा आवाज मलाच कोरडा वाटायला लागला.

नवव्या दिवशी गोष्टीच्या शेवटी सहज विचारलं, ‘कोल्ह्यानं मडकं कोणत्या झाडाखाली पुरलं होतं?’ संध्याकाळपर्यंत तेवीस पोरांचे आवाज आले. एका सात वर्षांच्या मुलीनं सांगितलं, ‘ताई, चिंचेच्या. पण तू पहिले बाभूळ म्हणाली होती.’ मी रेकॉर्डिंग परत ऐकलं. खरंच म्हणाले होते. ती मुलगी कान देऊन ऐकत होती, हे कळल्यावर मला जे वाटलं ते मी अजून विसरलेले नाही. आमच्या प्रश्नमंजूषेची सुरुवात तिथे झाली.

आज हे काम मी मुख्यतः घरूनच करते आणि नव्यानं या वाटेला येणारी मुलं-मुली फोन करून विचारतात, घरात बसून कथाकथन जमतं का, प्रश्नमंजूषा कशी घ्यायची, पोट भरतं का. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी दिवसाचं सांगते, कारण नागपुरात घरून आवाजाचं काम करायचं म्हणजे पहिली गाठ कूलरशी पडते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना कूलर बंद ठेवून खोलीत बसता येत नाही आणि कूलर सुरू असला की रेकॉर्डिंगमध्ये गिरणी चालल्यासारखा आवाज येतो. म्हणून माझा दिवस पावणेपाचला सुरू होतो. दाराच्या आतून गोधडी टांगते, खिडकीला सतरंजी लावते, फोन पुस्तकांच्या गठ्ठ्यावर तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवते. आवाज घुमत नाही. सहापर्यंत एक गोष्ट पूर्ण होते. सहानंतर कोकिळा, मग दूधवाला, मग भाजीचा ठेला. कोकिळा मी राहू देते. तेवढी पोरांना आवडते. पाणी माठातलं पिते, फ्रिजचं नाही. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या दिवसांत तर आदल्या रात्रीपासूनच घसा सांभाळावा लागतो.

फोनवरची गोष्ट सहा ते आठ मिनिटांची असावी. समोर बसून मी चाळीस मिनिटं सांगू शकते, कारण हातवारे असतात, डोळे असतात, मधली शांतता असते. फोनमध्ये शांतता आली की मुलाला वाटतं, नेट गेलं. त्यामुळे जिथे मी समोर थांबले असते तिथे फोनवर एखादा आवाज भरते, परातीत भाकरी थापल्याचा किंवा बैलाच्या घुंगरांचा. तान्ह्या पोळ्याला मुलं ओढतात त्या लाकडी बैलाच्या गळ्यातल्या घुंगरमाळेनं माझी निम्मी जंगलं आणि सगळ्या बैलगाड्या चालवल्या आहेत.

दुपार झोपेची आणि वाचनाची. प्रश्न मात्र अकरा ते एक याच वेळात लिहिते, डोकं ताजं असताना. इथे थोडं थांबते, कारण नव्या लोकांच्या सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

गोष्ट सांगणाऱ्याला ‘सांगतात’ हा शब्द फार जवळचा असतो. आमच्या नागपुरातल्या सीताबर्डीच्या टेकडीचंच घ्या. शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद नावाचे दोन भाऊ होते, त्यांच्यावरून टेकडीचं नाव पडलं असं सांगतात. गोष्टीत मी हे दोघं भाऊ रंगवून सांगते, त्यांना फेटे घालते, भांडायलाही लावते. पण प्रश्नमंजूषेत ‘सीताबर्डी हे नाव कशावरून पडलं?’ असं विचारून त्याला दहा गुण ठेवणं बरोबर नाही. त्याऐवजी सीताबर्डीची लढाई विचारावी. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांच्यात ती झाली, हे पक्कं आहे. माझ्याकडे यासाठी दोन वह्या आहेत. एकीत सांगोवांगी, दुसरीत पक्कं. दोन वेगळ्या ठिकाणी छापलेलं सापडल्याशिवाय कुठलीही गोष्ट दुसऱ्या वहीत जात नाही. मराठी विश्वकोश, जिल्ह्याचं गॅझेटियर, बालभारतीची जुनी पुस्तकं हे माझे रोजचे सोबती.

काही वेळा छापलेलंच दोन तऱ्हांचं सापडतं. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं नागपूर वसवलं. कुठे १७०२ लिहिलंय, कुठे १७०३. मग मी साल विचारतच नाही, राजा विचारते. रामटेकचंही तसंच. ‘मेघदूतातला रामगिरी कोणता?’ असा प्रश्न टाकला की जाणकार माणूस लगेच हरकत घेणार, आणि ती रास्त असणार. ‘विदर्भातल्या कोणत्या ठिकाणाला रामगिरी मानलं जातं?’ असं विचारलं की भांडण मिटलं. ‘मानलं जातं’ या दोन शब्दांनी माझ्या कित्येक संध्याकाळी वाचवल्या आहेत.

एक चूक मात्र मला फार लागली. पहिल्याच वर्षी मी विचारलं होतं, ‘दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिन कधी साजरा होतो?’ माझ्याकडे उत्तर लिहिलेलं होतं, १४ ऑक्टोबर. नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतल्या एका मुलीनं ‘दसऱ्याला’ लिहिलं आणि मी तिचं उत्तर चुकीचं धरलं. रात्री तिच्या बाबांचा फोन आला. आवाज शांत होता. म्हणाले, ‘ताई, १९५६ साली १४ ऑक्टोबरला विजयादशमीच होती. लोक दीक्षाभूमीवर दसऱ्याला येतात, आमची पोरगी दरवर्षी आजोबांचं बोट धरून जाते.’ लाखो लोक ज्या दिवशी माझ्याच शहरात येतात, तो दिवस मी चुकीचा ठरवला होता. दुसऱ्या दिवशी सगळ्या पोरांसमोर मी माफी मागितली, तिचे गुण दिले आणि तिलाच सांगायला लावलं की त्या दिवशी तिथे काय काय असतं. ती सहा मिनिटं बोलली. पुस्तकांच्या दुकानांबद्दल सगळ्यात जास्त बोलली. तेव्हापासून प्रश्न लिहिला की मी स्वतःला विचारते, याचं आणखी एक बरोबर उत्तर कुणाच्या घरात आहे का?

प्रश्न लिहायची माझी रीत अशी. गोष्ट शेवटाकडून धरायची. ‘एम्प्रेस मिल कधी सुरू झाली?’ हा मेलेला प्रश्न आहे. ज्याला माहीत आहे तो सांगेल, बाकीचे गप्प बसतील. त्याऐवजी असं: ‘१ जानेवारी १८७७. त्या दिवशी एका राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं आणि त्याच दिवशी जमशेटजी टाटांनी नागपुरात एक कापडगिरणी सुरू केली. गिरणीचं नाव काय ठेवलं असेल?’ आता उत्तर प्रश्नातच लपलंय. आठवीतलं पोरगंही विचार करून तिथे पोचतं, आणि पोचल्याचा त्याला आनंद होतो. या प्रश्नाला एका काकांनी उत्तराऐवजी लिहिलं होतं, ‘माझे वडील तिथे होते. भोंगा झाला की आई भात टाकायची.’ मी त्यांना पूर्ण गुण दिले.

नागपुरातल्या झिरो माइल या जुन्या दगडी खुणेचा प्रश्न तर मी प्रत्येक नव्या गटाला पहिल्या दिवशी विचारते. देशाचा मध्यबिंदू वगैरे विचारत नाही. तो हिशेब फाळणीआधीच्या भारताचा, आणि त्यावर वाद घालायला सगळेच तयार असतात. मी विचारते, ‘तिथल्या खांबाजवळ घोडे किती?’ नागपूरकर तिथून हजार वेळा गेलेला असतो. घोडे आहेत हे त्याला आठवतं. किती, हे सांगताना गाडी अडते. कुणी दोन म्हणतं, कुणी पाच. घोडे चार आहेत. दुसऱ्या दिवशी दोघा-तिघांचे तरी फोटो येतात, मुद्दाम गाडी थांबवून काढलेले.

मुलं फोनवर उत्तर शोधून देतात, ही तक्रार प्रश्नमंजूषा घेणारा प्रत्येक नवीन माणूस करतो. मीही चिडायचे. मग एक दिवस असे प्रश्न सुरू केले, ज्यांचं उत्तर जगातल्या कुठल्याही यंत्रात नाही, फक्त घरात आहे. ‘तुमच्या घरातल्या सगळ्यात जुन्या भांड्यावर काय लिहिलंय?’ हा त्यातला पहिला. आपल्याकडे लग्नात आलेल्या भांड्यांवर नाव कोरून घ्यायची पद्धत होती, त्यामुळे काही ना काही मिळेल एवढीच माझी अपेक्षा.

त्या संध्याकाळी नागपूरच्या महाल भागातल्या एका घरातून दहा वर्षांची मुलगी व्हिडिओवर आली. तिनं माळ्यावरून एक पितळी घंगाळ काढलं होतं. कडेवरची अक्षरं काळी पडली होती. तिनं चिंचेचा कोळ लावून बोटानं घासलं, आम्ही सगळे बघत होतो. आधी ‘सौ.’ दिसलं. मग एक नाव, जे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मग ‘१९५८’. मुलीनं वळून विचारलं, ‘आजी, ही कोण व?’ तिची आजी रोज मागे खुर्चीवर बसलेली असायची, पण दोन महिन्यांत एकदाही बोलली नव्हती. ती उठून फोनजवळ आली, घंगाळावरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘मीच. माहेरचं नाव हाय ते. लग्नात बदललं.’ त्यानंतर पंचवीस मिनिटं ती बोलली. उमरेडकडचं घर, मिरचीचं वाळवण, बैलगाडीतली पाठवणी, हे घंगाळ मांडीवर घेऊन केलेला प्रवास. बाकीचे नऊ प्रश्न त्या दिवशी झालेच नाहीत. फोनच्या पडद्यावरच्या सगळ्या खिडक्यांमधून पोरं ‘हूं’ म्हणत होती. कुणी शिकवलं नव्हतं त्यांना.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्रश्नमंजूषेत जोड्या असतात, एक लहान आणि एक म्हातारं माणूस. एकट्या पोरांची स्पर्धा मी घेत नाही. दहा प्रश्न, अर्धा तास, रात्री साडेआठ. जेवण उरकून झोप यायच्या आधीची वेळ. पहिले दोन प्रश्न सगळ्यांना येतील असेच ठेवावेत. तर्रीपोहे, संत्री, मारबत यांवर आमच्याकडे कुणी अडत नाही. मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीनं नेऊन जाळायचा पुतळा. तिचा प्रश्न आला की म्हातारी मंडळी ‘इडा पीडा घेऊन जाय गे मारबत’ म्हणून ओरडतात आणि गट जागा होतो. त्यानंतर अवघड प्रश्न टाकायला हरकत नाही.

आता पैशांचं. थोडक्यातच सांगते. पहिलं वर्ष मी काहीच घेतलं नाही, आणि ते बरोबर होतं असं मला आता वाटत नाही. फुकट मिळालेल्या गोष्टीला लोक वेळेवर येत नाहीत. दुसऱ्या वर्षापासून महिन्याची छोटी वर्गणी ठेवली. ज्यांना परवडत नाही त्यांनी नुसतं कळवायचं, कारण विचारत नाही. एका संस्थेनं वर्धापनदिनासाठी माझ्याकडून शंभर प्रश्न उत्तरांसह लिहून घेतले, कार्यक्रम घेतला, फोटो छापले आणि मानधनाचं नावही काढलं नाही. तीन आठवड्यांची मेहनत होती. तेव्हापासून निम्मे पैसे आधी घेते आणि काय, किती, कधी द्यायचं हे लिहून घेते. नव्या माणसाला हे मागताना संकोच वाटतो. तरी मागा. फक्त प्रश्नमंजूषेवर घर चालेल असं समजून नोकरी सोडू नका. माझी निम्मी मिळकत आजही शाळांसाठी आवाजातल्या गोष्टी करून देण्यातून येते.

आणि एकटेपणाचं कुणी सांगत नाही म्हणून सांगते. दिवसभर घरात बसून भिंतीशी बोलताना आवाज सपाट होतो, तो स्वतःला कळत नाही. म्हणून आठवड्यातून दोनदा तरी एखादी गोष्ट जिवंत माणसाला समोर बसवून सांगा. मी शेजारच्या काकूंना सांगते. त्या तांदूळ निवडत ऐकतात. हात थांबला की मी समजते, ही जागा जमली. तिथे पेन्सिलीनं खूण करते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीच गोष्ट रेकॉर्ड करते.

उद्याचे नऊ प्रश्न तयार आहेत. दहावा मिरचीच्या वाळवणावरचा आहे, पण तो अजून पक्क्या वहीत गेलेला नाही. महालातल्या आजींचा चहा सहाला होतो, त्यानंतर फोन करून विचारायचं आहे.