ध्वनिनियम लावताना या चुका टाळा

इंडो-युरोपीय भाषांची तुलना करणाऱ्या नवख्या अभ्यासकांच्या हातून वारंवार होणारी आणि मला सर्वाधिक खटकणारी चूक म्हणजे जुने नियम आजच्या शब्दांवर तपासून पाहणे. संस्कृत ‘पितर्’ आणि ‘भ्रातर्’ या दोहोंत ‘त’ आहे, इंग्रजी ‘फादर’ आणि ‘ब्रदर’ या दोहोंतही एकच घर्षक ध्वनी (हवा घासत बाहेर पडून होणारा) आहे, म्हणजे याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडलेला नियम (मूळचे ‘प’, ‘त’, ‘क’ हे जर्मॅनिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या, भाषांत घर्षक होतात, ‘ब’चा ‘प’ होतो आणि ‘भ’चा ‘ब’) सरळ लागू पडला, असे मानून अभ्यासाच्या पहिल्या वर्षी मी स्वतः एक अख्खी वही भरली होती. जुनी इंग्रजी वाचायला घेतली तेव्हा तिथे वडिलांना ‘फॅडर’ म्हणत असल्याचे दिसले. त्यात स्पष्ट ‘ड’ होता आणि भावाच्या शब्दात मात्र घर्षक ध्वनी. त्या वहीतले जवळजवळ प्रत्येक पान मला पुन्हा लिहावे लागले.

या भेदाचे कारण कार्ल व्हेर्नरने १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात दाखवले. वैदिक ‘पितर्’मध्ये उदात्त स्वर (उच्चारातला उंच आघात) ‘त’च्या नंतर येतो, ‘भ्रातर्’मध्ये तो आधी येतो, आघात लगेच आधीच्या अक्षरावर नसेल, तर जर्मॅनिक भाषांत शब्दामधला घर्षक ध्वनी घोष (कंठातल्या कंपनासह उच्चारला जाणारा) झाला आणि पुढे त्याचाच ‘ड’ झाला. जर्मन ‘फाटर’ आणि ‘ब्रूडर’ यांत हा भेद अजून टिकून आहे. इंग्रजीत ‘र’च्या आधीचा तो ‘ड’ बऱ्याच उशिरा पुन्हा घर्षक झाला, त्यामुळे ‘फादर’चे आजचे रूप नियमाला पुरावा म्हणून चालत नाही. तेव्हापासून मी वहीत प्रत्येक भाषेचे सर्वांत जुने नोंदलेले रूप लिहितो आणि वैदिक शब्द स्वरचिन्हाशिवाय उतरवत नाही. तयार याद्यांवरून काम उरकणाऱ्यांना ही सवय जाचक वाटते, पण त्या याद्यांत नेमका स्वरच गाळलेला असतो.

दिसण्यातल्या साम्यावर विसंबू नये. जर्मन ‘हाबेन’ आणि लॅटिन ‘हाबेओ’ यांचा अर्थ एक आहे, तरी मूळ वेगळे आहे. जर्मॅनिक ‘ह’ मूळच्या ‘क’पासून येतो, म्हणून ‘हाबेन’चा सगोत्र (एकाच मुळातून आलेला) शब्द लॅटिन ‘कापिओ’ हा आहे.

संस्कृतालाच मूळ भाषा समजणाऱ्यांनी ‘कृ’ धातूचे ‘चकार’ का होते, ककार का होत नाही, याचे उत्तर शोधावे. ‘चकार’मधल्या अभ्यासातला, म्हणजे धातूच्या आधी द्विरुक्तीने येणाऱ्या अक्षरातला, स्वर मुळात ‘ए’ होता, त्याने ‘क’चा ‘च’ केला आणि नंतर संस्कृतात तो स्वतः ‘अ’मध्ये मिसळून गेला, ग्रीक आणि लॅटिन यांनी तो ‘ए’ जपला आहे.

नियम मोडलेला दिसताच अपवाद घोषित करण्याची घाईही नको: संस्कृत ‘बुध्’ आणि गॉथिक (एक जुनी जर्मॅनिक भाषा) ‘बिउदन्’ यांतला ‘ब’ ग्रिमच्या नियमाविरुद्ध वाटत असे, परंतु संस्कृतात लागोपाठच्या दोन महाप्राणांपैकी (‘भ’, ‘ध’ यांसारख्या हकारयुक्त व्यंजनांपैकी) पहिला आपला महाप्राण गमावतो, म्हणजे ‘बुध्’मधला ‘ब’ मुळात ‘भ’ होता, हे हेर्मान ग्रासमानने १८६३ मध्ये दाखवल्यावर ती अडचण उरली नाही.