टाकीत आयप्टेशिया दिसला तर काय करायचं (आणि ब्लेड का लावायचं नाही)

"मामा, टाकीत फुकटात एक फूल उगवलंय, बघ कसलं मस्त हलतंय" असा मेसेज आणि फोटो भाच्याने सातपूरहून पाठवला, मी फोटो मोठा करून बघितला आणि पोटात गोळा आला. फिकट तपकिरी, काचेसारखा आरपार दिसणारा देठ आणि वर लांब टोकदार धाग्यांचा झुपका. हा आयप्टेशिया, फुलासारखा दिसणारा पण खरं तर प्राणी, खाऱ्या पाण्याच्या टाकीतला उपद्रवी समुद्री ॲनिमोन. दगडाबरोबर नाहीतर नवीन कोरलच्या (प्रवाळाच्या) बुडाला चिकटून येतो, शेजारच्या कोरलला डंख मारून मागे ढकलतो आणि बघता बघता अख्खा दगड व्यापतो.

त्याला पहिलं वाक्य हेच लिहिलं की हात लावू नकोस. माझ्या पहिल्या टाकीत असे दोन होते, मी जुन्या ब्लेडने खरवडून काढले आणि खूश झालो, महिन्याभरात त्याच जागी नऊ मोजले. आपल्याकडे द्राक्षाची वेल छाटली की डोळ्याडोळ्यातून फूट निघते ना, तसंच हे आहे, देठाच्या तळव्याचा टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा जरी दगडाला राहिला तरी त्यातून नवीन उभा राहतो. म्हणजे मारायचा तर जागेवर पूर्ण मारायचा, नाहीतर आज राहू द्यायचा.

मी चुन्याची पेस्ट वापरतो. चुना म्हणजे शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पावडर, ॲक्वेरियमच्या सामानात काल्कवासर म्हणून मिळते. पानटपरीवरची चुन्याची डबी कृपा करून वापरू नका, त्यात आणखी काय घातलंय ते आपल्याला कळत नाही आणि टाकीत गेलेली गोष्ट परत बाहेर काढता येत नाही. मेडिकलमधून 3 मिलीची सिरिंज आणि जाड सुई घ्या, 18 नंबरची चालते, बारीक सुईत पेस्ट अडकते, मग जोर लावला की एकदम फुर्रकन सगळी बाहेर उडते. हातात ग्लोव्हज, डोळ्याला चष्मा हवाच, चुन्याने कातडी आणि डोळे दोन्ही भाजतात.

चमचाभर पावडरीत आरओचं पाणी थेंब थेंब घालत भज्याच्या पिठाइतकी दाट पेस्ट करा. पातळ झाली तर पाण्यात ढगासारखी पसरते आणि शेजारच्या कोरलवर जाऊन बसते. आता वेव्हमेकर (लाटा करणारा पंप), रिटर्न पंप (फिल्टरचं पाणी टाकीत परत आणणारा), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) सगळं बंद करा आणि पाणी स्थिर होईपर्यंत थांबा. उन्हाळ्यात हे काम सकाळीच उरका, कारण एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे दुपारी टाकी तापते, गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी आणि त्यात पंप बंद, मासे धापा टाकायला लागतात.

खरी कसोटी इथून पुढे आहे. सुई बाजूने, अगदी हळू न्यायची, सावली पडली किंवा धक्का लागला की हा पठ्ठा क्षणात दगडाच्या भोकात शिरतो आणि मग तासभर बाहेर येत नाही. झुपक्याच्या बरोबर मधोमध तोंड असतं, त्यावर सुई न टेकवता पेस्टचा छोटा गोळा सोडायचा, धागे आत वळायला लागले की वरून आणखी थोडी घालून तो पूर्ण झाकून टाकायचा. घाबरला तर अंगातून पांढरे दोऱ्यासारखे तंतू सोडतो, ते डंखाचे असतात, कोरलकडे जाताना दिसले तर एअर पंपाच्या बारीक नळीने ओढून घ्या. आत पळालाच तर भोकाचं तोंड पेस्टने बंद करा. 15-20 मिनिटं सगळं तसंच राहू द्या, मग उरलेला पांढरा थर नळीने सायफन करा आणि पंप चालू करा.

एका दिवसात चार-पाचच घ्या, शंभर लिटरच्या आतली टाकी असेल तर दोन-तीन, आणि पीएच मोजत राहा, चुन्याने तो पटकन वर जातो.

दगड बाहेर काढून उकळायचा सल्लाही कोणीतरी देतंच, तो घरात अजिबात करू नका. दगडावर झोअँथिड (बटणासारखे छोटे कोरल) असतील तर त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन नावाचं विष वाफेबरोबर घरात पसरू शकतं, माणसं थेट दवाखान्यात पोहोचतात.

खूपच पसरला असेल तर सिरिंजने पुरं पडत नाही, मग खाणारा प्राणी आणा. पेपरमिंट श्रिम्प (एक छोटी कोळंबी) तीन-चार सोडा, लहान आयप्टेशिया रात्रीत खातात, पण बाकीचं खाणं भरपूर मिळालं तर ढुंकूनही बघत नाहीत. घेताना नीट बघा, पाठीला कुबड आणि अंगावर पांढऱ्या रेघा असलेला तो कॅमल श्रिम्प, तो कोरल खातो. बर्घिया नावाची छोटी समुद्री गोगलगाय फक्त आयप्टेशियाच खाते, माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय तोच, पण आयप्टेशिया संपला की ती उपाशी मरते, म्हणून आधीच पुढे कोणाला द्यायची ते ठरवून ठेवा. टाकीत रॅस जातीचे मासे किंवा श्रिम्प असतील तर ते तिलाच खातात. आयप्टेशिया खाणारा कॉपरबँड बटरफ्लाय मासा छोट्या टाकीत आणू नका, खाण्याच्या बाबतीत तो फार नाजूक आहे, दहा-पंधरा दिवसात खंगतो.

तोपर्यंत माशांना खाणं मोजकं घाला, दोन मिनिटात संपेल एवढंच, उरलेल्या कणांवर हे पोसले जातात. नवीन कोरल आलं की वेगळ्या छोट्या टाकीत तीन-चार आठवडे ठेवा आणि प्लगचा (कोरल चिकटवलेल्या चकतीचा) खालचा भाग भिंगातून बघा, नुसत्या डिपवर (कोरल औषधाच्या पाण्यात बुडवण्यावर) विसंबू नका.

भाच्याने पहिल्या रविवारी तीन मारले. चौथ्या दिवशी रात्री लाइट बंद झाल्यावर त्याने टॉर्च मारून बघितलं, तर फिल्टरच्या मागे आणखी एक, तांदळाच्या दाण्याएवढा. तो पुढच्या रविवारी.